रामटेके सिस्टर आणि जीपचं ऑइल प्रेशर

आमच्या गल्लीत रोज सकाळी साडेसहाला एका जीपची छाती तपासली जाते.

बॉनेट उघडलेलं असतं, इंजिन सुरू असतं, आणि अडुसष्ट वर्षांची एक ठेंगणी बाई कानांत स्टेथोस्कोप घालून त्याचं दुसरं टोक इंजिनाच्या अंगावर टेकवत असते. इथं, मग तिथं, मग जरा खाली. 'दीर्घ श्वास घे' एवढंच म्हणायचं बाकी असतं, आणि ॲक्सिलरेटरची तार ओढून तेही त्या करवून घेतात.

बारा वर्षांपूर्वी मी गणित शिकवायला लाखनीत आलो. नव्या भाड्याच्या घरात पहिल्याच सकाळी तोंडात ब्रश धरून अंगणात उभा राहिलो, तर हा प्रकार दिसला. मी विचारलं, "गाडी बिघडली काय?"

बाईंनी माझ्याकडे न बघता ओठांवर बोट ठेवलं. दोन मिनिटांनी स्टेथोस्कोप गळ्यात टाकून म्हणाल्या, "बिघडल्यावर तं सगळेच पाहातेत. बिघडाच्या आधी पाहाले माणूस लागते."

अशी माझी आणि रामटेके सिस्टरांची ओळख झाली.

सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. पस्तीस वर्षं त्यांनी या भागात गावोगाव फिरून बाळंतपणं केली आणि लशी टोचल्या. त्यामुळे लाखनीतल्या चाळिशीच्या आतल्या जवळजवळ प्रत्येक दंडावर त्यांची सही आहे. ज्याला त्यांनी टोचलंय त्याला त्या 'अरे-तुरे' करतात, मग तो कुणीही असो. मी तुमसरकडचा, म्हणून मला 'तुमी' मिळतं. याबद्दल त्या एकदा स्वतःच म्हणाल्या होत्या, "तुमाले म्या टोचलं नाई न सर, म्हणून मान ठेवा लागते."

वाद वाढला की त्या समोरच्याला एकच हुकूम सोडतात, "बाही वर कर." समोरचा, भले सरपंच का असेना, मुकाट्यानं शर्टाची बाही वर करतो. सिस्टर तो लसीचा गोल वण बघतात आणि म्हणतात, "पाहिलं? हे टोचलं तंवा तू भोकाड पसरलं होतं. आता बोल." मग कोण कशाला बोलतो!

आणि जीप? तीही त्यांच्या दवाखान्याचीच. वीस वर्षं जिच्यातून सिस्टर फिरल्या, त्या जीपला सरकारनं निकामी ठरवून लिलावात काढलं, तेव्हा बोली लावायला भंगारवाले जमले होते. त्यांच्यात पांढऱ्या साडीतली ही एकटी बाई. लिलाव संपला तेव्हा किल्ली सिस्टरांच्या हातात होती. दारावरची सरकारी अक्षरं नंतर खरवडून काढली, पण उन्हात जरा तिरकं उभं राहून पाहिलं तर 'आरोग्य' एवढं अजून वाचता येतं.

जीप उभी असते त्या भिंतीवर खिळ्याला एक पुठ्ठा लटकलेला आहे. त्यावर कागद, कागदावर रोजची नोंद. ऑइल किती, पाणी किती, प्रेशर थंड असताना, प्रेशर गरम झाल्यावर, आवाज, आणि शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यात मी एकदा वाचलं, 'खोकला कमी. सकाळी प्रसन्न.'

सिस्टरांचं ब्रीदवाक्य आहे, "आधी मोजा, मंग बोला." हे नुसतं वाक्य नाही, हे संकट आहे. माझी बायको एकदा सहज म्हणाली, "आज थंडी जास्तच आहे, नाही?" सिस्टर आत गेल्या आणि थर्मामीटर घेऊन बाहेर आल्या. "कालच्यापेक्षा एक डिग्री गरम आहे. तुमाले अशक्तपणा आहे. डोळे दाखवा." त्या दिवसापासून आमच्या घरी हवेविषयी कुणी बोलत नाही, आणि बायकोला पालकाची भाजी रोज खावी लागते.

तर अशा या सिस्टर. आता मागच्या दिवाळीनंतर जे घडलं ते सांगतो.

सिस्टरांचा एकुलता मुलगा प्रशांत पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत आहे. बायको, एक मुलगी, नवा फ्लॅट. दर रविवारी त्याचा फोन येतो आणि दर रविवारी एकच विषय असतो, आई, आता पुण्याला ये. दर रविवारी सिस्टर म्हणतात, "पाहू." धान कापणी चालू असताना सिस्टरांना सहा दिवस ताप आला. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. माझ्या बायकोनं सांगितलं, थेट प्रशांतला. प्रशांतनं दहा दिवसांची रजा टाकली आणि एकटाच निघाला. यावेळी तो 'पाहू' ऐकायला येत नव्हता.

नागपूरहून येणाऱ्या बसनं तो भंडाऱ्याला उतरणार होता. सिस्टर त्याला आणायला जीप घेऊन निघाल्या. मलाही तिथल्या शिक्षण कार्यालयात काम होतं, म्हणून मी मागच्या बाकावर बसलो. निघताना सकाळची तपासणी झालीच होती. प्रेशर थंड असताना चाळीस, गरम झाल्यावर तीस. शेरा, 'ठणठणीत.'

परतताना मात्र जीपमधलं वातावरण ठणठणीत नव्हतं. वैनगंगेच्या पुलावर येईपर्यंत प्रशांतनं फ्लॅटमधल्या आईच्या खोलीचं वर्णन संपवलं होतं.

"पूर्वेची खिडकी आहे आई. सकाळी ऊन येतं."

"लाखनीतही सूर्य पूर्वेलेच निघते."

"लिफ्ट आहे."

"मले कुठं चढाचं आहे?"

"फक्त एक आहे," प्रशांत जपून म्हणाला, "पार्किंगला एकच जागा मिळालीय. जीप विकावी लागेल."

पूल संपला, कारधा मागे पडलं, आणि बहुधा जीपनं हे ऐकलं. डॅशबोर्डवरची ऑइल प्रेशरची सुई लोळायला लागली. पाहता पाहता खाली टेकली आणि लाल दिवा लागला. सिस्टरांनी क्षणात इंजिन बंद केलं, गाडी गतीवरच रस्त्याच्या कडेला घेतली आणि हातब्रेक ओढला.

"काय झालं?" प्रशांत म्हणाला. "दिवाच तर लागला. हळूहळू जाऊ घरापर्यंत."

"एक फर्लांगही नाई," सिस्टर म्हणाल्या. "ऑइलचं प्रेशर गेलं म्हणजे आतमधी लोखंडावर लोखंड घासते. पेशंट कोसळला तं त्याले चालवत नेत नाई, उचलून नेतेत."

उचलून न्यायला एक ट्रॅक्टर मिळाला. त्याच्या ट्रॉलीत धानाची पोती होती, मागे दोरानं बांधलेली आमची जीप. लाखनीच्या भर बाजारातून आमची ही वरात गेली. चहाच्या टपऱ्यांवरून माणसं उठून पाहत होती. प्रशांत खाली वाकून बुटाची लेस बांधत होता, ती बाजार संपेपर्यंत बांधून झाली नाही. सिस्टर मात्र स्टीअरिंगमागे ताठ बसल्या होत्या आणि ओळखीच्यांना मान हलवून उत्तर देत होत्या.

संध्याकाळी गजू मिस्त्री आला. गजूचं गॅरेज बसस्टँडमागे आहे. वय पस्तीस, म्हणजे टोचलेला. त्यानं ऑइल मोजायची पट्टी ओढून बघितली. "ऑइल तं फुल आहे, वरच आहे खुणेच्या," तो म्हणाला. मग दहा सेकंद इंजिन सुरू करून सुई पाहिली, बंद केलं, आणि डॉक्टर बाहेर येऊन चष्मा काढतात तसा चेहरा केला.

"सिस्टर, ऑइल भरून आहे तरी प्रेशर नाई. म्हणजे बेरिंग गेले. वय झालं गाडीचं. आता इंजिन पुरं खोला, नाई तं काढून टाका."

सिस्टरांनी त्याच्या हातातली पट्टी घेतली. टोकावरचं ऑइल अंगठा आणि बोटात चोळलं, नाकाजवळ नेलं आणि पट्टी परत जागेवर घातली. मग भिंतीवरचा पुठ्ठा काढून गजूच्या नाकासमोर धरला.

"आज सकाळी किती होतं?"

"चाळीस. गरम तीस."

"काल?"

"चाळीस. तीस."

"मागच्या वर्षी याच महिन्यात? पाहा, पान उलट. बेचाळीस, बत्तीस. बेरिंग घासाले वर्षानुवर्षं लागते. हे एका दुपारी झालं. म्हातारपण एका दुपारी येत नाई, गजू. एका दुपारी येते ते दुखणं. अन् दुखण्याले औषध असते."

"पण सिस्टर..."

"बाही वर कर."

गजूनं बाही वर केली आणि तो गप्प झाला. पण प्रशांत गप्प बसणाऱ्यातला नव्हता. तो सिस्टरांचाच मुलगा.

"ठीक आहे आई. गाडीला काय झालंय ते शोधू. पण गाडी खरंच संपली असेल, तर तू माझ्यासोबत पुण्याला यायचं. याच वेळी."

सिस्टरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"संपली हे सिद्ध कर. येतो मी. अन् नाई संपली तर?"

"तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

"सर, तुमी साक्षीदार," सिस्टर मला म्हणाल्या. "अन् एक. माझ्यासंग गाडीखाली येशील तूच. गजू सांगंल ते नाई चालाचं. तू सोता पाहाचं, अन् मंग सांगाचं."

अशा रीतीनं दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याचा कंप्युटर इंजिनीअर जुन्या चादरीवर, जीपखाली, पाठीवर पडला.

पहिला संशय सुईवर घेतला गेला. "पेशंटच्या आधी मशीन तपासाची," सिस्टर म्हणाल्या. "एकदा एका शिबिरात बीपीच्या मशीननं अख्ख्या गावाले लो बीपी दाखवला होता. डॉक्टर साखरपाणी पाजत बसले. मशीनची नळीच फाटली होती." इंजिनावर प्रेशर मोजणारं एक बोंड असतं, त्यातून तार सुईपर्यंत जाते. प्रशांतनं ती तार सोडवली, टोकं पॉलिशपेपरनं घासली, परत लावली. या एवढ्या कामाला अख्खी सकाळ लागली, कारण प्रत्येक पान्याचा नंबर सिस्टर त्याला आधी अंदाजानं ओळखायला लावत होत्या. सुई तरीही तिथंच.

तिसऱ्या दिवशी गजूकडून प्रेशर मोजायचं वेगळं घड्याळ आणलं. ते बोंडाच्या जागी थेट इंजिनाला जोडायचं, म्हणजे मधली तार नको, सुई नको, खरं काय ते दिसतं. खरं काय ते दिसलं. थंड इंजिनाला वीस. जरा गरम झालं तर पाच.

"खरंच लो आहे!" प्रशांत गाडीखालून ओरडला. आवाजात दुःख नव्हतं. "संपली, आई!"

"लो आहे हे कळलं," सिस्टर वरून म्हणाल्या. "काहून लो आहे हे कुठं कळलं? बाहेर ये, चहा घे, अन् पुन्हा आत जा."

चौथ्या दिवशी प्रशांतनं एक चाल खेळली. आईला न विचारता भंगाराचा एक व्यापारी बोलावला. तो जाडजूड गृहस्थ जीपभोवती फिरला, बंपरवर दोनदा टिचकी मारली, चाकाला लाथ मारली आणि म्हणाला, "बाई, या गाडीत आता काही राहिलं नाही. लोखंडाच्या वजनावर जाईल."

सिस्टर शांतपणे घरात गेल्या. बीपीचं मशीन घेऊन आल्या.

"बसा. बाही वर करा."

हा बाहेरगावचा, टोचलेला नव्हता. पण सिस्टरांच्या आवाजात असं काही असतं की हात आपोआप वर जातो. तो ओट्यावर बसला. फुस्स फुस्स करून पट्टा फुगला. सिस्टरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"एकशे सत्तर, वर. खालचं एकशे दहा. वय?"

"बावन्न."

"चढताना दम लागते? रात्री मुंग्या येतेत पायाले? पापड-लोणचं बंद होत नाई?"

त्याचा चेहरा उतरला. "होय."

"मंग तुमाले काढून टाकाचं काय? कोणी वजनावर घेऊन राहिलं काय?" सिस्टरांनी त्याच्या हातात चिठ्ठी दिली. "उद्याच दवाखान्यात जा. गोळी सुरू करा, मीठ कमी करा. सगळं सुधरते. आधी मोजा, मंग बोला."

तो गृहस्थ जीप न घेता चिठ्ठी घेऊन गेला. पंधरा दिवसांनी सिस्टरांना त्याचा फोन आला, बीपी एकशे चाळीसवर आलंय.

प्रशांत त्या दिवशी आईवर चिडला. चांगलाच. "तू सगळ्यांना वाकवतेस आई. पण एकटी तापात पडून होतीस तेव्हा कोण होतं? सहा दिवस!" सिस्टर नट-बोल्ट रॉकेलमध्ये धूत बसल्या. थोड्या वेळानं प्रशांतही शेजारी बसला आणि धुवायला लागला.

गजू येऊन एक सल्ला देऊन गेला. "सिस्टर, जाड ऑइल टाकून द्या. सुई वर येते. वर आल्याबरोबर कोणाले विकून टाका."

"म्हणजे मेलेल्याच्या गालाले लाली लावाची," सिस्टर म्हणाल्या. "निघ."

मग इंजिन ऐकायचा दिवस आला. बेरिंग खरंच गेले असते तर इंजिनाच्या खालच्या भागातून जड ठकठक आली असती. सिस्टरांनी ऐकलं आणि स्टेथोस्कोप प्रशांतच्या कानांत घातला. "ऐक. वरती टिकटिक आहे, ते व्हॉल्वचं, ते चालते. आता खाली. काय येते?" प्रशांतनं डोळे मिटले. आधी त्याला काहीच कळेना. सिस्टर टोक सरकवत होत्या, त्याचा चेहरा बघत होत्या. दोन-तीनदा इंजिन थोडं थोडं सुरू-बंद केल्यावर तो हळूच म्हणाला, "ठकठक नाहीय. नुसती घरघर आहे. एकसारखी."

"एकसारखी," सिस्टर म्हणाल्या. "मंग बेरिंग कसे गेले, सांग."

त्या संध्याकाळी प्रशांत आमच्याकडे चहाला आला तेव्हा नखं काळी होती आणि तो माझ्या बायकोला व्हॉल्व आणि बेरिंग यांतला फरक सांगत होता. पुण्याच्या खोलीचं नाव त्यानं काढलं नाही.

ऑइलचा फिल्टर बदलून झाला, फरक पडला नाही. शेवटी आठव्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, "चेंबर रिकामा करू." चेंबर म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं. खाली मोठं घमेलं ठेवलं, प्रशांतनं नट सैल केला.

ऑइल मधासारखं पडायला हवं. हे ताकासारखं धो धो पडलं. मला दुधाचं लिटरचं माप देऊन मोजायला बसवलं होतं. मोजून झाल्यावर मी पुन्हा मोजलं, कारण हिशेब जुळेना.

"सिस्टर, कागदावर लिहिलंय, टाकलं होतं सहा लिटर. निघालं साडेसात."

"वाढलं?" प्रशांत म्हणाला. "ऑइल वाढतं कसं?"

"विचार कर," सिस्टर म्हणाल्या. "खाल्ल्याबिगर पेशंटचं वजन वाढलं, तं त्याले तब्येत सुधारली म्हणाचं काय?"

"सूज म्हणायचं," प्रशांत म्हणाला. मग तो थबकला. घमेल्यावर वाकला, बोट बुडवलं, वास घेतला. पुन्हा घेतला. आणि ताडकन उठला. "आई! डिझेल! ऑइलमध्ये डिझेल मिसळतंय, म्हणून पातळ झालंय. म्हणून प्रेशर नाही!"

"डिझेल येते कुठून?"

प्रशांत बॉनेटखाली गेला. टाकीतून डिझेल ओढणारा एक छोटा पंप इंजिनाच्या अंगाला चिकटलेला असतो. त्यानं नळी नळीवरून बोट फिरवत तो शोधून काढला, गजूला बोलावलं, पण खोलला त्यानं स्वतः. आतला रबरी पडदा चंद्रकोरीसारखा फाटलेला होता. सगळं डिझेल तिथून गुपचूप खाली ऑइलमध्ये उतरत होतं.

सिस्टर त्याच्याकडे असं पाहत होत्या, जसं नव्या नर्सला पहिल्यांदा शीर सापडल्यावर पाहत असतील.

गजूनं नवा पडदा बसवला. नवं ऑइल, नवा फिल्टर. इंजिन सुरू झालं. सगळी गल्ली घड्याळावर वाकली. चाळीस. वीस मिनिटं इंजिन गरम होऊ दिलं. तीस. गजूनं दोन्ही हात जोडले, बाही वर करायला कुणी सांगायच्या आधीच.

सिस्टरांनी मग जे केलं ते लाखनी विसरणार नाही. ज्या बाजारातून जीप दोरानं ओढून आणली होती, त्याच बाजारातून त्यांनी तिला तीनदा फिरवलं. सावकाश. प्रत्येक चहाच्या टपरीसमोर हॉर्न वाजवून. शेजारच्या सीटवर प्रशांत. यावेळी तो लेस बांधत नव्हता, तोही हात हलवत होता.

दोन दिवसांनी तो गेला. शब्द पाळला, विषय काढला नाही. बस सुटताना फक्त म्हणाला, "ती खोली तशीच ठेवतो आई."

"पुस्तकं ठेव तिथं," सिस्टर म्हणाल्या. "खोली रिकामी ठेवू नये, दमट होते."

मला वाटलं, गोष्ट इथं संपली. आणि सिस्टर जिंकल्या.

महिन्याभरानं माझ्या स्कूटरचा ब्रेक आवळून घ्यायला मी गजूकडे गेलो. तो नट फिरवता फिरवता एकदम हसला.

"सर, सिस्टरनं लई फिरवलं न आपल्याले."

"काय फिरवलं?"

"पंपाचा पडदा. गाडी ओढून आणली न, त्याच संध्याकाळी मी घरी पोचलो नाई तं सिस्टरचा फोन. म्हणे, भंडाऱ्याहून या पंपाचा पडदा मागवून ठेव. दुसऱ्या दिवशी आलाही. इथंच खणात हप्ताभर पडून होता. प्रेशरशी त्याचं काही असंल, असं मले वाटलंच नाई. मी म्हटलं, मंग बसवून देतो न. तं म्हणे, नाई. मी सांगीन तंवा. अन् कोणाजवळ बोलला तं पाहा."

मी स्कूटर तिथंच सोडून घरी आलो. सिस्टर जीपच्या सीटवर बसून काच पुसत होत्या. मी सरळ विचारलं, "सिस्टर, पहिल्याच दिवशी कळलं होतं तुम्हाला?"

पुसणारा हात थांबला. मला वाटलं आता काहीतरी सणसणीत येणार. आलं नाही.

"पट्टी हुंगली तंवाच कळलं," त्या म्हणाल्या. "डिझेलचा वास लपते काय?"

"मग आठ दिवस?"

त्या सीटवर जरा सरकल्या आणि मला बसायला जागा केली.

"प्रशांत तीन वर्षांचा होता, तंवा मिस्टर वारले. माझी ड्युटी अशी, कोणाले कंधी कळा येतीन सांगता ये नाई. आसगावले माझी बहीण आहे, तिच्याजवळ ठेवलं त्याले. दहावीपर्यंत. मी रविवारी जाये. तो दारामागे लपे. चांगला होता, शहाणा होता, पण काही पायजे असलं तं मावशीलेच मागे. पाटी, पेन, पाणीसुद्धा. माझ्याजवळ त्यानं कंधी काही मागितलं नाई, सर."

त्यांनी पुसलेली काच पुन्हा पुसली.

"गाडीखाली गेला न दुसऱ्या दिवशी, तं हात बाहेर काढला अन् म्हणे, 'आई, पाना दे.'" सिस्टरांनी फडकं घडी घातलं, उलगडलं, पुन्हा घडी घातलं. "मले वाटलं, अजून थोडं मागू दे. काय लगेच दुरुस्त कराचं."

मी विचारलं, "मग जात का नाही पुण्याला? तो तर बोलावतो आहे."

आता त्या नेहमीच्या सिस्टर झाल्या. "तिथं तो सकाळी आठले जाते, रात्री आठले येते. तिथं मी खिडकीतली म्हातारी. कोणी मले पाना मागंल काय? इथं मी कोणाची वाट पाहात नाई, माझी कामं आहेत. यायचं त्यानं. तो आला पायजे." मग बोट रोखून, "अन् त्याले काही सांगाल, तं तुमालेही टोचून देईन. मंग 'तुमी' मिळणार नाई."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. रविवार होता. हात ओले म्हणून त्यांनी खाली उतरून फोन बॉनेटवर ठेवला आणि आवाज मोठा केला. प्रशांत मुलीच्या शाळेबद्दल बोलला, पुण्यातल्या पाण्याबद्दल बोलला. मग विचारलं, "आई, गाडी कशी आहे?"

सिस्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जीपकडे.

"तशी बरी आहे," त्या म्हणाल्या. "पण क्लच जरा घसरून राहिला का काय, असं वाटते."

"गजूला हात लावू देऊ नकोस," प्रशांत म्हणाला. "मी पुढच्या महिन्यात येतो. आपण दोघं बघू."

"ये. सवड असली तं ये," सिस्टर म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्याच सकाळी मी त्यांच्यासोबत जीपनं साकोलीला जाऊन आलो होतो. क्लचला काहीही झालेलं नव्हतं.

"चहा ठेवतो, सर," सिस्टर म्हणाल्या आणि माझ्या तोंडाकडे न बघता आत गेल्या.